पोटदुखी, कॅल्शियम आणि बोअरच्या पाण्यातला साबण

बसमध्ये आहात, इअरफोन घरी राहिलाय, तर हा भाग वाचून घ्या. आज विषय जरा गंभीर आहे, पण सोपा करून सांगतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. रविवारी मटण-भाकरी झाली आणि रात्री मामांचं पोट दुखायला लागलं. बरगड्यांच्या खाली, मधोमध. दुखणं थेट पाठीत जात होतं. उलट्या थांबेनात. आडवं झालं की जास्त दुखायचं, पुढे वाकून बसलं की थोडं बरं. मी काय केलं? ॲसिडिटीची गोळी दिली. "मामा, झोपा आता, सकाळी बरं वाटेल." सकाळी दहाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एवढा वेळ मी घालवला, हे आजही टोचतं.

निदान झालं: ॲक्यूट पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता. दारू आणि रक्तात खूप वाढलेले ट्रायग्लिसराइड्स हीसुद्धा याची मोठी कारणं आहेत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "कॅल्शियम उतरलंय. आयसीयूत हलवू." मी गोंधळलो. कॅल्शियम म्हणजे हाडं, दूध एवढंच आपल्याला माहीत. पोटाचा काय संबंध?

संबंध आपल्या बाथरूममध्ये सापडतो बघा. सोलापुरात बोअरच्या जड पाण्यात साबण घासला तर फेस येत नाही, पांढरा चिकट साका तयार होतो. पाण्यातलं कॅल्शियम साबणातल्या फॅटी ॲसिडला चिकटतं, म्हणून तो साका. पोटात नेमकं हेच होतं. स्वादुपिंडात लायपेज नावाचा रस असतो, त्याचं काम चरबी पचवणं. एरवी तो आतड्यात जाऊन काम करतो. सूज आली की तो बाहेर झिरपतो आणि आजूबाजूची आपलीच चरबी पचवायला लागतो. त्यातून फॅटी ॲसिड सुटतात, ती कॅल्शियमला पकडतात आणि खडूसारखे पांढरे ठिपके तयार होतात. म्हणजे पोटात खरोखरचा साबण! जितकी चरबी जळते, तितकं कॅल्शियम त्यात अडकतं. रक्तातलं कॅल्शियम उतरण्याचं हे एक मोठं कारण. म्हणून हा आकडा आतल्या नुकसानीची चाहूल देतो.

ही ओळख जुनी आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन जॉन रॅन्सन यांनी आजार किती गंभीर होईल हे ठरवायला ११ खुणांची यादी दिली. ५ खुणा भरती होताना बघायच्या, ६ पुढच्या ४८ तासांत. त्या ६ मधली एक: कॅल्शियम ८ मिलिग्रॅमच्या खाली. साधारण नॉर्मल ८.५ ते १०.५ असतं.

पण थांबा, एका आकड्यावर घाबरायचं नाही. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून असतं. अल्ब्युमिन कमी झालं तर कॅल्शियम उगाचच कमी दिसतं. मामांचं कॅल्शियम ७.३, अल्ब्युमिन ३.५. अल्ब्युमिन ४ धरून, जितकं कमी असेल त्याला ०.८ ने गुणून ते मिळवायचं. म्हणजे ०.५ गुणिले ०.८, बरोबर ०.४. एकूण ७.७. हिशोब करूनही कमीच. आणि उलटंही लक्षात ठेवा: पहिल्या दिवशी कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे सुटलो, असं नाही. मामांचं पहिलं ८.६ होतं. म्हणून पुन्हा पुन्हा तपासतात. सोबत श्वास, लघवी, बीपी, क्रिएटिनिन हे सगळं बघतात. खरी गंभीर केस ती, जिथे फुप्फुस, किडनी किंवा रक्ताभिसरण ४८ तासांपेक्षा जास्त वेळ साथ देत नाही.

मग कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या तर? नाही हो! काटा खाली दाखवतो म्हणून काटाच वर ढकलला तर टाकीत पेट्रोल येतं का? हातपाय वळायला लागले, हृदयाच्या ठोक्यात बिघाड झाला तर डॉक्टर कॅल्शियम देतात. ते त्यांचं काम. मुख्य उपचार म्हणजे सलाइन, वेदना कमी करणं आणि सतत लक्ष ठेवणं.

बहुतेकांचा आजार सौम्य असतो, आठवड्याभरात बरा होतो. मामांचा नव्हता. आकडा वेळेत दिसला, म्हणून ते वेळेत आयसीयूत गेले. ११ दिवसांनी घरी आले, पुढे पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आता मटण आहे, पण बेतानं. मामी वाढतात ना!

तुम्ही एवढंच करा. वरच्या पोटात जोरात दुखतंय, पाठीत जातंय, उलट्या थांबत नाहीत, तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना, नाहीतर १०८. माझ्यासारखी रात्र घालवू नका. घरच्या ग्रुपवर हे पाठवा आणि हो, पुढच्या भागात भेटूच!