मुंबईपासून पुण्यापर्यंत एकच क्यू

पूल या टेबलावरच्या चेंडूंच्या खेळातली काठी, म्हणजे क्यू, साधारण 58 इंचांची असते, म्हणजे 147 सेंटिमीटर. वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. अमेरिकेत छोट्याशा कारखान्यात, एका लेथवर, एकेक क्यू हाताने घडवणारे कारागीर आहेत. त्यांची कारागिरी इतकी बारीक की नुसतं बघून तिचा अंदाजच येत नाही. मग काय करायचं? क्यू मोठी करायची. थोडीथोडकी नाही, एक लाख पट!

आता तिचं टोक मुंबईत आहे आणि बूड पुण्यात. दीडशे किलोमीटर लांबीचं लाकूड! या मापात एक मिलिमीटर म्हणजे शंभर मीटर. एवढं डोक्यात ठेवा आणि चला.

मुंबईला चामड्याची टिप, 1.3 किलोमीटर रुंद. तिथून खोपोलीपर्यंत 75 किलोमीटर हार्ड मेपलचा सरळसोट शाफ्ट. हा शाफ्ट एका दमात कातत नाहीत. थोडा कातायचा, महिनोन्‌महिने टांगून ठेवायचा, लाकूड कुठे वाकतंय का बघायचं, पुन्हा थोडा कातायचा. खोपोलीच्या आसपास दोन तुकड्यांचा जोड येतो. आणि घाट चढला की डोळे दिपायला सुरुवात होते.

कामशेतकडून मुंबईच्या दिशेने चार भाले निघालेले दिसतात. यांना पॉइंट्स म्हणतात. फिकट मेपलमध्ये बसवलेली काळ्या एबनीची ही लांबच लांब टोकं. कधी एबनीऐवजी रोजवुड असतं, आणि त्यातली एक जात म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसवी! खरी लांबी सुमारे 22 सेंटिमीटर, आपल्या नकाशावर 22 किलोमीटर. चारही भाले लोणावळ्याला येऊन सुईसारखे संपतात. प्रत्येकाला रंगीत व्हिनियरच्या चार किनारी. चार भाले, चार किनारी, प्रत्येकीच्या दोन बाजू: 32 पट्ट्या. एकेक पट्टी खरी अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड, नकाशावर साठेक मीटर रुंद. दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी फट राहिली तर? केस साधारण 0.07 मिलिमीटरचा, म्हणजे नकाशावर सात मीटर. दोन पदरी रस्ता! एवढा रस्ता मधे राहिला तरी जाणकार क्यू खाली ठेवतो.

पण खरी कसोटी लोणावळ्याला आहे. चारही टोकं एकाच रेषेत संपली पाहिजेत. ज्या खाचेत हा भाला बसतो ती बुडाशी सुमारे सात मिलिमीटर खोल असते आणि 22 सेंटिमीटरांत शून्यावर येते. उतार इतका सौम्य की खोलीत झालेली चूक लांबीत तीस पट होऊन बाहेर येते. खाच एका केसाने जास्त खोल गेली की टोक दोन मिलिमीटर पुढे. लोणावळ्याचं टोक दोनशे मीटर सरकलं! आणि चार टोकांतलं एक दोन मिलिमीटर पुढे असलं, तर ते नवख्यालाही दिसतं.

भाल्यांच्या मागे मूठ. तिच्यावर आयरिश लिननचा दोरा, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळलेला. फूटभर मुठीवर साडेतीनशेच्या वर वेढे. उलगडला तर जवळजवळ 33 मीटर, शंभर फूट खोल विहिरीचा तळ गाठून वर उरेल. आणि आपल्या लाखपट नकाशावर? 3,300 किलोमीटर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी आहे 3,214. काश्मीर ते कन्याकुमारी, एका मुठीवर!

असं काम हातून किती होणार? जॉर्ज बालाबुश्का हे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव. जन्म रशियातला, 1924 मध्ये अमेरिकेत आले आणि 1959 पासून 1975 मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये क्यू बनवत राहिले. साऱ्या आयुष्यात फार तर बाराशे क्यू. एकापुढे एक मांडल्या तर सीएसएमटीहून निघालेली रांग मस्जिद स्टेशन ओलांडते, पण सँडहर्स्ट रोड काही गाठत नाही. सगळ्यांचं मिळून वजन साडेसहाशे किलो, एका मारुती 800 एवढं. आणि आज त्यांतली अस्सल एक क्यू लाखो रुपयांना जाते!

आता चेंडू मारू. टिप आणि चेंडू एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम तीन मिलिमीटरची. नकाशावर बारा डब्यांची लोकल मावेल, बस्स. टेकून राहतात किती वेळ? सेकंदाचा हजारावा भाग! तेवढ्यात 170 ग्रॅमचा चेंडू ताशी 32 किलोमीटरने सुटायचा, तर टिपेवर सरासरी दीडशे किलोंचा भार येतो. सिमेंटची तीन पोती, एका बोटापेक्षा बारीक टोकावर!

आणखी एक हिशोब करू. एखादा खेळाडू रोज पाचशे फटके मारतो, वर्षातले तीनशे दिवस, चाळीस वर्षं. झाले साठ लाख फटके. प्रत्येक फटका सेकंदाचा हजारावा भाग. बेरीज सहा हजार सेकंद. शंभर मिनिटं! 1986 चा ‘द कलर ऑफ मनी’ हा सिनेमा, ज्याने बालाबुश्का हे नाव जगभर नेलं, तोसुद्धा दोन तासांचा आहे. चाळीस वर्षांत साडेतीन लाख तास असतात. त्यांतल्या दोन तासांहूनही कमी वेळ क्यू चेंडूला टेकते. बाकी सगळा काळ ती नुसती दिसत असते: हातात, खांद्याला टेकलेली, भिंतीवरच्या मांडणीत. मग त्या 32 पट्ट्यांतली प्रत्येक पट्टी केसाएवढीही न चुकता बसवायला नको?