छावणीबाहेरचा उंबरठा : सैनिकाचे घर आणि खासगीपणाचा हक्क

‘गोपनीयता’ आणि ‘खासगीपणा’ हे दोन शब्द मराठीत अलीकडे एकाच अर्थाने योजले जातात, आणि वृत्तपत्रीय भाषेत तर त्यांतील भेद जवळजवळ पुसला गेला आहे. वस्तुतः हे शब्द दोन निरनिराळ्या कुळांतले होत. मंत्री पदग्रहणाच्या वेळी गोपनीयतेची शपथ घेतो ती राज्याच्या गुपितांसंबंधी. 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम रक्षण करतो तेही राज्याच्याच गुपितांचे. गोपनीय ते, जे लपवावयाचे. ‘खासगी’ची जातकुळी वेगळी आहे. मराठेशाहीच्या दप्तरांत खासगी म्हणजे राज्यकर्त्याच्या घराची, दौलतीच्या जमाखर्चापासून निराळी ठेवलेली मिळकत. होळकरांची खासगी या दृष्टीने प्रसिद्धच आहे. तीत लपविण्यासारखे काही नसे. ती केवळ दौलतीची नव्हती, घराची होती. कन्नड भाषेनेही हा शब्द स्वीकारला असून ‘खासगितन’ आणि ‘गोप्यते’ अशी जोडी तेथेही नांदते. सैनिकाच्या घराचा प्रश्न आला की हा शब्दभेद कोशापुरता राहत नाही. त्यावर एका कुटुंबाचे दार उघडे राहावयाचे की बंद, हे ठरते.

सैन्य आणि घर यांच्या संबंधाची जुनी चिंता नेमकी उलट होती. चिपळूणच्या परिसरात तळ देऊन राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र मराठी गद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेच्या घरातून काही उचलू नये, असा त्या पत्राचा आशय. अमेरिकेच्या राज्यघटनेतील 1791 ची तिसरी दुरुस्ती हीच चिंता कायद्याच्या भाषेत मांडते : शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीवाचून त्याच्या घरात शिपाई ठेवता येणार नाही. आपल्याकडे 1923 च्या एका कायद्याने छावण्यांतील घरे लष्करी अधिकाऱ्यांसाठी सक्तीने भाड्याने घेण्याची सोय केली होती. या सर्व ठिकाणी संरक्षण हवे आहे ते शिपायापासून घराला. शिपायाचे स्वतःचे घर हा विषय त्या काळच्या विचारात क्वचितच येतो, कारण शिपायाचे घर म्हणजे तंबू किंवा बराक, आणि बराकीला उंबरठा नसतो.

बंगळूर शहरात हा उंबरठा उत्पन्न झाला, त्यामागे शहराचा इतिहास आहे. 1809 मध्ये ब्रिटिशांनी येथे छावणी वसविली. पुढे दीड शतकाच्या आतच, 1949 मध्ये, शहर आणि छावणी एकाच नगरपालिकेत विलीन झाली. लष्करी आस्थापना राहिल्या, परंतु त्यांच्याभोवतीची वस्ती नागरी झाली. जुन्या मद्रास रस्त्यावरील के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, हे पूर्वेकडील उपनगर या घडणीचे चांगले उदाहरण होय. 1948 मध्ये स्थापन झालेल्या दूरध्वनी कारखान्याची दूरवाणीनगर ही वसाहत याच्या शेजारी. रेल्वेस्थानक, झुलता पूल आणि 2023 पासून मेट्रो यांमुळे भाड्याच्या घरांची येथे दाटी आहे. सरकारी निवासस्थान मिळेपर्यंत एखादा हवालदार वा वायुसैनिक, मग तो साताऱ्याचा असो की बेळगावचा, परवानगी घेऊन अशाच एखाद्या इमारतीत दोन खोल्या घेतो. करार अकरा महिन्यांचा, अनामत रक्कम जबर, घरमालक खालच्या मजल्यावर.

सैनिकाची निवासस्थाने कायद्याच्या नजरेतून एकसारखी नाहीत. छावणीतील सरकारी निवासस्थान सैनिकाला अटींसह मिळते. ताबा घेताना आणि सोडताना, ‘मार्चिंग-इन’ व ‘मार्चिंग-आउट’च्या वेळी, खिडकीच्या तावदानापर्यंतच्या वस्तूंची यादी होते, आणि मधल्या काळात तपासणी होणार हे त्याने आरंभीच पत्करलेले असते. खात्याने भाड्याने घेऊन दिलेल्या घरात हा अधिकार पातळ होतो, तरी भाडे भरणारे सरकार असल्यामुळे तो नाहीसा होत नाही. घरभाडे भत्ता घेऊन सैनिकाने स्वतःच्या नावे घेतलेल्या घरात मात्र सरकारच्या मालकीची एकही वीट नसते. तेथे तपासणीचा आधार वास्तू नव्हे, व्यक्तीच असू शकते. तो सैनिक आहे, एवढाच.

हा आधार दुबळा नाही. संविधानाचा अनुच्छेद 33 सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्क मर्यादित किंवा रद्द करण्याचा अधिकार देतो. पण तो संसदेला देतो, सेनाधिकाऱ्याला नव्हे, आणि अनुच्छेद 35 ही गोष्ट अधिक स्पष्ट करतो. 1950 च्या सेना अधिनियमाच्या कलम 21 ने संघटना, सभा आणि वृत्तपत्रांशी संपर्क यांवर निर्बंध घालण्याची मुभा दिली आहे. घराचा त्यात उल्लेख नाही. तथापि 1982 च्या पृथीपालसिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की कलम 21 पुरतीच ही मर्यादा संपत नाही; मूलभूत हक्काशी विसंगत असलेले अधिनियमातील कोणतेही कलम अनुच्छेद 33 च्या आश्रयाने टिकते. न्यायालये या बाबतीत सैन्याला झुकते माप देत आली आहेत. 2020 मध्ये समाजमाध्यमांवरील बंदीविरुद्ध एका लेफ्टनंट कर्नलने खासगीपणाच्या आधारे केलेली याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली. व्यभिचाराचा गुन्हा 2018 मध्ये रद्द झाल्यावरही लष्करी शिस्तीखालील कारवाईला त्याने बाधा येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले.

दुसऱ्या बाजूचा इतिहासही लक्षात घेतला पाहिजे. 1962 च्या खडकसिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या गृहभेटी घटनाबाह्य ठरल्या, मात्र त्याच निर्णयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. ही विसंगती 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दूर केली. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते न्या. के. एस. पुट्टस्वामी बंगळूरचेच, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. खासगीपणावर आक्रमण करावयाचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू विहित हवा आणि उपाय प्रमाणशीर हवा, हे या निर्णयाने सांगितले. (इंग्रजी कायदा या संदर्भात घराला किल्ला म्हणतो. मराठी मनाला ही उपमा थोडी परकीच वाटते. आपल्याकडे किल्ले राज्याचे असत, घराची सीमा उंबरठा हीच होती.)

तपासणीचा हेतू नेहमी संशयाचाच असतो असेही नाही. 2019 मध्ये अमेरिकेत लष्करी कुटुंबांच्या घरांच्या दुरवस्थेबद्दल तक्रारी वाढल्या तेव्हा सेनाधिकाऱ्यांना घरोघर जाण्यास सांगण्यात आले. हेतू कल्याणाचा, तरी दार उघडण्यापूर्वी कुटुंबाची संमती असावी हा प्रश्न तेथेही उभा राहिलाच. के. आर. पुरममध्येही अधिकारी येईल तो कधी भत्त्याचा दावा खरा आहे काय हे पाहण्यास, कधी कागदपत्रांची सुरक्षितता पाहण्यास. यांपैकी पहिला हेतू भाडेकराराने आणि पावत्यांनी भागतो. त्यासाठी स्वयंपाकघर पाहण्याची गरज नाही. दुसरा हेतू गोपनीयतेचा आहे, राज्याच्या गोपनीयतेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. परंतु लष्करी कागद घरी असल्याचा सबळ संशय असेल तर ती तपासणी नव्हे, झडती होय. आणि झडतीचा मार्ग नागरी कायद्याने आखलेला आहे. 2023 च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत परिसरातील दोन प्रतिष्ठित साक्षीदार आणि दृक्‌श्राव्य चित्रण यांची तरतूद आहे.

सर्वांत कमी चर्चिला गेलेला मुद्दा घरातील इतर माणसांचा. अनुच्छेद 33 सैनिकाबरोबर चालतो, घराबरोबर नाही. सेना अधिनियमाचे कलम 2 सैन्याबरोबर असणाऱ्या अन्य व्यक्तींनाही आपल्या कक्षेत घेते, पण ते प्रत्यक्ष युद्धसेवा, तळ, कूच किंवा सीमेवरील ठाणे अशा प्रसंगी. के. आर. पुरममधील दुसऱ्या मजल्यावर राहणारी सैनिकाची पत्नी, तिची सासू, शाळेत जाणारी मुले यांपैकी कोणीही त्या कक्षेत येत नाही. त्यांचा अनुच्छेद 21 खालील हक्क इतर कोणत्याही नागरिकाइतकाच अखंड आहे. पती कर्तव्यावर असताना दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला तिने आत घेतले नाही, तर तिने कोणतीही आज्ञा मोडली असे होत नाही, कारण तिला आज्ञा देणारा कोणी नाहीच.

पतीची स्थिती निराळी. कलम 41 नुसार वरिष्ठाची आज्ञा मोडणे हा गुन्हा आहे, तथापि ती आज्ञा कायदेशीर असली पाहिजे, अशी अट त्याच कलमात आहे. दार उघडण्याच्या आज्ञेची कायदेशीरता तपासण्याची वेळ आली तर, त्याच्या सेवेचा प्रश्न म्हणून तो 2007 च्या कायद्याने निर्माण झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे जाईल. पत्नीचा प्रश्न सेवेचा नाही. तिला अनुच्छेद 226 खाली कर्नाटक उच्च न्यायालयात जावे लागेल. दार एक, पण त्यावरील वादाची न्यायासने दोन. आणि पहिल्या ठिकाणी पती हरला तरी दुसऱ्या ठिकाणी पत्नीचा दावा उरतोच.