मेंदूच्या स्कॅनमधला नॉइज गेला, हे ठरवायचं कसं?

माणूस नुसता शांत पडून असला, तरी त्याच्या मेंदूचे काही भाग एका लयीत चढउतार करत असतात. हाताची हालचाल घडवणाऱ्या डाव्या आणि उजव्या भागांत अशी सामायिक लय असल्याचं भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं. पण हे चढउतार अतिशय क्षीण असतात. डोक्याची हालचाल, श्वास आणि हृदयाचे ठोके त्यांत सहज मिसळतात. हा नॉइज काढण्यासाठी डेटा साफ करावा लागतो, आणि सफाई खरोखर झाली का, हेही तपासावं लागतं.

गैरसमज : सगळ्या प्रतिमा एकमेकींवर नीट जुळवल्या की हालचालीचा प्रश्न मिटतो.
वस्तुस्थिती : जुळवणीमुळे डोक्याची जागा दुरुस्त होते, हालचालीमुळे सिग्नलमध्ये झालेला बिघाड तसाच राहतो. मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी हालचालही जवळच्या भागांमधले संबंध (म्हणजे त्यांची लय किती जुळते ते) फुगवते आणि दूरच्या भागांमधले घटवते. हे २०१२ साली तीन संशोधकगटांनी दाखवून दिलं. लहान मुलं जास्त हलतात. त्यामुळे वयानुसार मेंदूत होणारे बदल म्हणून जे सांगितलं गेलं होतं, त्यातला काही भाग हालचालीचाच निघाला.

गैरसमज : फिल्टर लावला की हृदयाचे ठोके निघून जातात.
वस्तुस्थिती : दर दोन सेकंदांनी एकच प्रतिमा घेतली, तर मिनिटाला ६३ पडणारे ठोके वीस सेकंदांच्या संथ लाटेचं रूप घेतात. ही लाट ०.०५ हर्ट्झची, आणि फिल्टर सहसा ०.०१ ते ०.१ हर्ट्झचा पट्टा राखून ठेवतो. म्हणजे ठोके आतच राहतात.

गैरसमज : मेंदूतल्या एका लयीत चालणाऱ्या भागांची ओळखीची जाळी नकाशात दिसली, म्हणजे सफाई यशस्वी.
वस्तुस्थिती : अनेकांची सरासरी काढली की ही जाळी अस्वच्छ डेटातही दिसतात. खरी कसोटी वेगळी आहे. प्रत्येक व्यक्तीची सरासरी हालचाल आणि तिच्या मेंदूतल्या दोन भागांच्या संबंधाची ताकद यांचं नातं तपासायचं. सफाईनंतर ते शून्याजवळ यायला हवं, आणि त्या भागांमधल्या अंतरानुसार बदलायला नको.

गैरसमज : जितकं जास्त काढू, तितका डेटा शुद्ध.
वस्तुस्थिती : सगळा सिग्नल पुसून टाकला, तरी हालचालीशी असलेलं नातं शून्यच येईल. दोन सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमांवर वरचा फिल्टर लावला, की स्वतंत्र माहितीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग खर्ची पडतो. संपूर्ण मेंदूचा सरासरी सिग्नल वजा केला, तर काही ऋण संबंध (एकाचा चढ तेव्हा दुसऱ्याचा उतार) निव्वळ गणितामुळे उपजतात, असं २००९ साली स्पष्ट झालं.

म्हणून एका आकड्यावर विसंबू नका. हालचालीचा प्रभाव किती उरला, किती माहिती खर्ची पडली आणि हात हलवणाऱ्या डाव्या-उजव्या भागांतला खरा संबंध टिकला का, हे तिन्ही तपासा आणि निष्कर्षांसोबत छापा. याच स्कॅनवरून मुलांबद्दल आणि रुग्णांबद्दल विधानं केली जातात. एवढी खबरदारी त्यांचा हक्क आहे.