पाटाचं पाणी नळात

दोस्तांनो, वही-पेन्सिल घेऊन बसा. आज आपल्याला भाताचं शेत आणि भांडुपचा नळ यांचा एकत्र हिशेब करायचाय. एकमेकांशी काही नातं नसलेल्या या दोन गोष्टी वाटतात ना? पण शहापूर तालुक्यातल्या भातसा नदीला विचारलंत तर ती वेगळंच सांगेल.

मुंबईत भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, विहार तलावाजवळ महापालिकेचं भलंमोठं जलशुद्धीकरण केंद्र आहे. भांडुप संकुल म्हणतात त्याला. लांबलांबच्या धरणांतून गढूळ पाणी इथे येतं. त्यात तुरटीसारखं रसायन मिसळलं, की मातीचे बारीक बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी वाळूच्या जाड थरांतून गाळलं जातं, मग जंतू मारायला क्लोरीन. पावसाळ्यात कधी नळाच्या पाण्याला वास येतो, तो याच क्लोरीनचा. केंद्र उंचावर असल्यामुळे इथून पुढे शहराच्या बऱ्याच भागांत पाणी आपल्या वजनानेच उतरत जातं.

मुंबईला ७ तलाव पाणी पुरवतात. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मधला मध्य वैतरणा. विहार बांधला तेव्हा वाटलं होतं, झालं, शहराची सोय लागली. पण शहर थांबतंय कुठे? माणसं वाढली, की नवा तलाव. नवा तलाव झाला, की आणखी माणसं. हळूहळू पाणी अधिकाधिक लांबून आणावं लागलं. सगळे तलाव काठोकाठ भरले, की त्यांत १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी असतं. त्यातलं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसात! जवळजवळ निम्मं. म्हणजे मुंबईत तुम्ही प्यायलेल्या दर दोन पेल्यांतला एक भातसाचा धरा.

आता खरी गंमत. तानसा किंवा मोडक सागर हे मुंबईसाठीच बांधले. भातसा तसा नाही. तो राज्याच्या पाटबंधारे खात्याने, म्हणजे आजच्या जलसंपदा खात्याने बांधला. तो बहुउद्देशीय प्रकल्प आहे: शहरांना पाणी, थोडी वीज आणि शेतीला पाणी. कोकणात पावसाळी भाताला आभाळच पाणी देतं. पण पावसाळा सरला की शेत रिकामं. कालव्याचं पाणी मिळालं तर त्याच शेतात उन्हाळी भात होतो, भेंडी होते, इतर भाजी होते. एका पिकाचं घर दोन पिकांवर येतं. घरातल्या माणसांना हिवाळ्यात कामासाठी गाव सोडावं लागत नाही. माझ्या मते भातसाच्या कालव्याची सगळ्यात मोठी किंमत हीच आहे, आणि ती कुठल्याही लिटरच्या तक्त्यात लिहिलेली नसते.

धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे गावापर्यंत येतं. तिथे बंधाऱ्याने ते अडवतात आणि पंपांनी वर चढवतात. काही पाणी जवळच पांजरापूरला शुद्ध होतं, काही भांडुपला. भिवंडीकडच्या गुंदवलीहून ठाण्याच्या कापूरबावडीमार्गे भांडुपपर्यंत तर जमिनीच्या पोटातून सुमारे १५ किलोमीटरचा जलबोगदाच खोदलाय.

काढा पेन्सिल! मुंबई भातसातून दिवसाला सुमारे २,००० दशलक्ष लिटर पाणी घेते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, अंदाजे अडीच एकर. त्यावर १० सेंटीमीटर पाणी उभं करायचं, तर १,००० घनमीटर लागतं, म्हणजे बरोब्बर एक दशलक्ष लिटर. मग २,००० दशलक्ष लिटरमध्ये २,००० हेक्टर शेतात १० सेंटीमीटर पाणी उभं राहील. रोज!

थांबा, लगेच शहरावर रागावू नका. हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून बघू. उन्हाळी भाताला पूर्ण हंगामात साधारण १,२०० मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एका हेक्टरला झालं १ कोटी २० लाख लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी मानक आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला सुमारे अडीच लाख लिटर. म्हणजे एका हेक्टर भाताच्या पाण्यात जवळपास ४९ घरांचं वर्ष निघतं. भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांमध्ये हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या आयांना विचारा, ४९ घरं म्हणजे काय ते.

म्हणून तर पाण्याच्या वाटणीत पिण्याचा हक्क पहिला, असं आपल्या राज्याचं जलधोरण सांगतं. त्यात चूक काहीच नाही. पाऊस कमी झाला, तर शेतकरी उन्हाळी पीक सोडून देऊ शकतो, पण शहर काही ‘या वर्षी पाणी पीत नाही’ असं म्हणू शकत नाही. तंगीच्या वर्षी मग कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, कमी होते. त्यात शेताच्या जागी गोदामं आणि इमारती उठल्या, की पाणी मागणारं शेतच उरत नाही. हे कुठल्या एका दिवशी ठरत नाही, थोडंथोडं होत जातं. पुण्यातही तेच. खडकवासला धरणाचा कालवा दौंड-इंदापूरच्या शेतांकडे जातो, आणि पाण्यावरून शहर आणि शेतकरी यांची ओढाताण दरवर्षी चालते.

एक गोष्ट मात्र मला मुळीच पटत नाही. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, तिथल्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ म्हणतात ते हेच. पिण्याचा हक्क पहिला असेल, तर तो पाड्यावरच्या मुलीचाही पहिलाच.

मग शेतकऱ्याला पाणी परत कसं द्यायचं? घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. मोरीचं, संडासाचं, धुण्याचं. भांडुपलाच, पूर्वेला खाडीच्या बाजूला, सांडपाणी प्रक्रिया केंद्रही आहे. एकाच उपनगरात पाण्याचं आगमन आणि निर्गमन! नीट शुद्ध केलं, तर हे पाणी बागांना, कारखान्यांना, शेताला चालतं. इस्रायल आपल्या सांडपाण्यातलं बहुतेक पाणी शेतीला पुन्हा वापरतो. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. पुण्यात मुंढव्याहून असं पाणी जुन्या कालव्यात सोडून शेतकऱ्यांना देण्याची योजना झाली. पण ते स्वच्छ हवं. शहराने धरणातलं निर्मळ पाणी घ्यायचं आणि शेताला घाण परत करायची, ही वाटणी न्यायाची नाही.

आता तुमचं काम. तुमच्या इमारतीचं किंवा चाळीचं पाण्याचं बिल मोठ्यांकडून मागून घ्या. त्यावर महिन्याला किती हजार लिटर वापरले ते बघा, त्यावरून वर्षाचे एकूण लिटर काढा आणि १ कोटी २० लाखांनी भागा. तुमची इमारत किती हेक्टर उन्हाळी भाताचं पाणी वापरते, ते उत्तर आम्हाला लिहून पाठवा.