कार्यकर्त्याने पुढे काय शिकावे?

समाजकार्याची पदवी हातात पडली की शिक्षण संपले, अशी आपल्यातल्या पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. वकील-डॉक्टरांना लागतो तसा परवाना वस्तीत काम करणाऱ्याला आपल्याकडे लागत नाही. अमेरिकेत परवाना टिकवायचा तर राज्याने ठरवलेले तास शिकावेच लागतात. आपल्याकडे ती सक्ती नाही. तेव्हा काय शिकायचे ही निवड आपली, आणि ती चुकली तर दोषही आपलाच. मात्र त्या चुकीची किंमत दुसराच कोणी मोजतो.

२०११ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात काम करीत होतो. संस्थेने पैसे भरले म्हणून समुपदेशनाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केला होता. त्याच सुमारास एका गावात हातपंपावर पाणी भरण्यावरून आपल्या एका बाईला मारहाण झाली. जातीवरून शिवीगाळ झाली, तीही चारचौघांत. तिने फिर्याद दिली. मी दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन बसू लागलो. वर्गात शिकवले होते त्याप्रमाणे ऐकून घेतले, राग कसा आवरावा ते सांगितले. एके दिवशी ती म्हणाली, ‘‘राग कमी करून काय करू सर? कागद पुढं सरकंना.’’ मी वहीत लिहिले : ‘प्रतिकार दिसतो.’ ती वही अजून माझ्याजवळ आहे.

आठ महिन्यांनी एका तरुण वकिलाने विचारले, फिर्यादीची प्रत पाहिली का? पाहिली नव्हती. फिर्याद देणाऱ्याला ती प्रत विनामूल्य मिळते, हेही मला ठाऊक नव्हते. प्रत काढली तेव्हा कळले, त्यात १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे एकही कलम नव्हते. ते नव्हते म्हणून तपास हवालदारावर सोडलेला. १९९५ च्या नियमांतला सातवा नियम सांगतो, की असा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करू नये. त्याच नियमांनुसार मिळणारी मदतही अडली होती. अर्ज-विनंत्या करून कलमे वाढवून घेतली. पण तोवर दोन साक्षीदार कुटुंबे ऊसतोडीला गेली होती, आणि तिसऱ्याने गावात तडजोड करून टाकली होती.

समुपदेशन निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पुढे कितीतरी ठिकाणी ते उपयोगी पडले. पण जात हा शब्द एकदाही न उच्चारता राग शिकवणारा अभ्यासक्रम आपल्या माणसाच्या रागाला आजार समजतो, हे मला त्या वेळी उमगले नाही. त्यामुळे आता अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक हातात आले की मी त्यात जात, जमीन, पोलीस ठाणे, तहसील हे शब्द शोधतो. सापडले नाहीत तर शिकवणाराला विचारतो. उत्तर देताना तो अवघडला, तर समजायचे ते समजतो.

दुसरे, मी एक वही ठेवली आहे. वस्तीत जिथे माझी गाडी अडली तो प्रश्न त्यात लिहितो. वर्षाअखेरीस जो प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला दिसतो, त्याचा अभ्यासक्रम शोधतो. एका वर्षी तो वनहक्काचा दावा होता, एका वर्षी जातपडताळणी. संस्थेला देणगीदारासाठी अहवाल लिहिणारा माणूस हवा असतो; तेही शिकावे, पण ते संस्थेच्या कामाच्या वेळेत आणि संस्थेच्या पैशाने. माझी रजा आणि माझी फी मी त्यावर घालवणार नाही.

फीचे म्हणाल तर सगळे महाग नाही. २०१७ पासून ‘स्वयम्’वर व्याख्याने फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच पैसे पडतात. मराठीतून शिकायचे तर नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पण ज्यात स्वतःच्या हाताने अर्ज लिहावा लागत नाही आणि तो कोणी तपासून परत देत नाही, अशा शिक्षणाने निदान मला तरी काही दिले नाही.

सोबतचे मित्र म्हणतात, वस्त्या जळताहेत आणि तुम्ही वर्गात जाऊन बसता! हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परंतु ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाले आणि त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. जुलै १९५६ मध्ये, प्रकृती साथ देत नसताना, त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. ते चळवळ सोडून वर्गात गेले, असे कोण म्हणेल?

१ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी संहिता जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली. फिर्यादीचे १५४ कलम आता १७३ झाले. मी तेरा वर्षांत पाठ केलेले आकडे ठाण्यात निरुपयोगी ठरले. एका ठाणे अंमलदाराने ते मला हसत हसत सांगितले. म्हणून यंदा दोन दिवसांच्या एका वर्गाला नाव घातले आहे. आयोजकांना पत्र लिहून विचारले आहे, की फिर्यादीची प्रत मागण्याचा आणि सातव्या नियमाचा अर्ज आमच्याकडून लिहून घेणार का. उत्तर यायचे आहे.