हृदयाचं ताट – लेखांक ६ : बांगड्याचा मान

गेल्या आठवड्यात आपण तेलाची निवड पाहिली. आज मासळीकडे वळू, आणि त्यासाठी देवबागला जाऊ. मालवण तालुक्यातलं हे गाव म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, बांगडा, तारली, पेडवे लागले की चुलीवर तिखलं चढतं. मिरची-हळदीचं वाटण, आमसुलं, ठेचलेली तिरफळं आणि उतरवताना वरून थोडं कच्चं खोबरेल. यात तळण कुठेच नाही.

इथलाच माणूस चाकरमानी होऊन मुंबईत स्थिरावला की त्याच्या घरी पाहुण्यांसाठी सुरमई, पापलेट येतं आणि तेही तळूनच. बांगडा स्वस्त, म्हणून मागे पडतो. हृदयाच्या दृष्टीने मात्र त्यालाच पहिला मान मिळायला हवा. बांगडा, तारली हे तेलकट मासे. त्यांच्यात ओमेगा-३ मेदाम्लं भरपूर असतात आणि ती रक्तातले ट्रायग्लिसराइड्स कमी करायला मदत करतात. 1970च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांचं रक्त तपासलं, तेव्हापासून या मेदाम्लांकडे जगाचं लक्ष वळलं. पुढे त्यांच्या काही निष्कर्षांवर आक्षेप आले, पण आठवड्यातून दोनदा मासे, त्यातही तेलकट मासे खावेत, हा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला आजही कायम आहे.

गावचं सगळंच जसंच्या तसं उचलावं, असं मात्र नाही. खोबरेलातली बहुतेक चरबी संपृक्त असते. दिवसभर रापण ओढणाऱ्याचं खोबरं आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं खोबरं यांचा हिशेब वेगळा. आमटीच्या वाटपात नारळ निम्मा करा. चव आमसूल आणि तिरफळं सांभाळून घेतात. दुसरी काळजी मिठाची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा गावात खारवलेल्या बांगड्यावर भागतं आणि त्याचीच पुडी मुंबईलाही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही कमी मीठ पुरे. म्हणून खारा मासा पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या, आमटीत वेगळं मीठ घालू नका आणि त्या जेवणात लोणचं-पापड टाळा. उच्च रक्तदाब असलेल्यांनी खारा मासा सणासुदीपुरताच ठेवावा.

मासे तळायचेच असतील, तर तव्यावर चमचाभर तेलात परता आणि उरलेलं तेल पुन्हा वापरू नका.

या आठवड्यात एवढंच करून पाहा : बाजारात गेलात की एकदा तरी बांगडा किंवा तारली घ्या, तिखलं करा आणि मुलांच्या ताटात पहिली तुकडी त्याचीच वाढा. घरात ज्या माशाला मान, तोच मुलांच्या आवडीचा होतो.

(पुढील आठवड्यात : शाकाहारी घरांसाठी जवस, अक्रोड आणि कुळीथ)