कांद्याच्या ३४ गोण्या आणि एक लाकडी पंख

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ झाला नाही, किंवा एसटीच्या आवाजात काही कळलं नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

विषय निघाला एका व्हॉइस नोटवरून. दौंड तालुक्यातला एक श्रोता, डिप्लोमाला आहे, मामाचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. म्हणाला, "दादा, यूट्यूबवर फॉरेनची माणसं गॅरेजमध्ये लाकडी विमान बनवतात. आमच्याकडं लाकूड आहे, रंध्याचं मशीन आहे, जुन्या बुलेटचं इंजिन पडलंय. ऊस तुटून रान मोकळं झालं की तिथंच उडवून बघू का? मामा म्हणतो, त्या इंजिनिअरला विचार आधी."

मी शिरूरचा, बीटेक, दिवसभर कोड लिहिणारा. "वेडा झालास का?" हे अगदी ओठावर आलं होतं. पण बोललो नाही. कारण लाकडाचं विमान बनवण्यात वेडेपणा काहीच नाही. "उडवून बघू" या दोन शब्दांत आहे. आज त्या दोन शब्दांवरच बोलायचंय.

लाकडाचं विमान? खरंच?

खरंच. अमेरिकेत मिनेसोटामधल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पिटनपोल नावाच्या माणसानं १९२९ च्या सुमाराला दोन सीटचं लाकडी विमान बनवलं आणि त्याला फोर्ड मॉडेल ए या मोटारीचं इंजिन बसवलं. ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. त्या डिझाइनची विमानं आजही लोक घरी बनवतात आणि उडवतात.

आपल्याकडंही लाकूड उडालंय. 'रोहिणी' हे दोन सीटचं लाकडी ग्लायडर आपल्या नागरी विमान खात्यात एस. रामामृतम यांनी डिझाइन केलं आणि ते १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. शेजारी-शेजारी बसायचं, म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा एका बाकावर.

लाकूड का? वजनाच्या मानानं ते चांगलंच मजबूत असतं, हत्यारं साधी लागतात, आणि वारंवार ताण बसला तरी धातूसारखं लवकर थकत नाही. पण कुठलंही लाकूड चालत नाही. स्प्रूससारखं हलकं, सरळ रेषांचं लाकूड लागतं. रेषा तिरकी जात असेल तर १५ सेंटीमीटर लांबीत १ सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकलेली चालत नाही. गाठ असलेली फळी पलंगाला चालेल, पंखाच्या मुख्य दांड्याला नाही.

पंखाच्या आत काय असतं?

जुन्या घराचं आढं डोळ्यासमोर आणा. पंखात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मुख्य दांडा जातो, त्याला स्पार म्हणतात. त्यावर ओळीनं रिब बसतात, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या. रिब कसली, तर ५-६ मिलिमीटरच्या पट्ट्या एका साच्यात बसवायच्या आणि सांध्यावर प्लायवूडचे छोटे तुकडे चिकटवायचे. सगळ्यावरून कापड. पूर्वी सुती किंवा लिननचं असायचं, आता पॉलिस्टरचं असतं. ते चिकटवून त्यावर चक्क इस्त्री फिरवतात, मग ते आवळून ढोलासारखं ताठ होतं.

जमिनीवर पंख खाली लोंबतो, हवेत मात्र हवा त्याला वर वाकवते. म्हणजे उडताना स्पारची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लाकूड रेषेच्या दिशेनं ताण चांगला सोसतं, दाब त्यापेक्षा कमी. म्हणून बऱ्याच डिझाइनमध्ये स्पारची वरची पट्टी खालच्यापेक्षा जाड असते. प्लॅन वाचताना पोरांना वाटतं की दोन्ही सारख्या केल्या तर काम सोपं होईल. ती जाडी कुणीतरी हिशोब करून दिलेली असते, तिला हात लावायचा नाही.

गोंद

त्या पोराला मी पहिला प्रश्न हाच विचारला, "चिकटवणार कशानं?" उत्तर आलं, "आमच्याकडं फर्निचरचा पांढरा गोंद आहे ना, दादा. कपाटं वीस-वीस वर्षं हलत नाहीत."

कपाट हलत नाही, कारण ते सावलीत एका जागी उभं असतं. तो गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, उन्हात मऊ पडतो आणि ओलाव्यानं बिघडतो. जुन्या विमानांत दुधातल्या केसीनचा गोंद असायचा, त्याला दमट हवेत बुरशी धरायची. आज बहुतेक जण विमानासाठी चाचणी झालेलं दोन भागांचं इपॉक्सी वापरतात.

आणि गोंदाची परीक्षा एकदम देशी आहे. प्रत्येक वेळी गोंद कालवला की त्यातूनच दोन फुकट तुकडे चिकटवून ठेवायचे. वाळले की हातोडीनं फोडायचे. लाकूड फाटलं तर सांधा पास. सांध्यावरून स्वच्छ सुटलं, आत चकचकीत गोंद दिसला, तर नापास. मग त्या दिवशी त्या गोंदानं जे काही चिकटवलं ते सगळं संशयित. आमच्या भाषेत हे युनिट टेस्ट. फक्त आमच्याकडं चूक झाली तर जुनं व्हर्जन परत टाकता येतं.

३४ गोण्यांचा हिशोब

आता शिरूर-दौंडकरांना लगेच कळेल असं गणित. समजा विमान, पायलट आणि पेट्रोल मिळून वजन ३०० किलो. सरळ उडताना पंख ३०० किलो उचलतात. पण जोरात वळलं किंवा हवेचा झोत लागला की पंखावरचा भार काही पट होतो. साध्या विमानांना ३.८ पट भार गृहीत धरतात, म्हणजे १,१४० किलो. त्यावर आणखी दीडपट सुरक्षिततेसाठी, म्हणजे १,७१० किलो.

कांद्याची गोणी ५० किलोची. म्हणजे ३४ गोण्या! दोन्ही पंखांवर सतरा-सतरा. नेमक्या हिशोबात पंखाचं स्वतःचं वजनही धरतात, पण अंदाज यावा म्हणून एवढं पुरे.

नव्या डिझाइनची चाचणी खरंच अशीच होते. पंख उलटा बसवायचा आणि त्यावर वाळूची पोती रचायची. हवा वर ढकलते ते काम पोती खाली दाबून करतात. शेवटच्या दीडपट भारापर्यंत नेलेला पंख मात्र पुन्हा उडवायचा नसतो, तो चाचणीपुरताच. म्हणूनच घरी बनवणाऱ्यानं स्वतःचं डिझाइन काढू नये. ज्याच्यावर कुणीतरी आधीच पोती रचलीत आणि जे बरीच वर्षं उडतंय, त्याचा प्लॅन घ्यावा.

बैलगाडीची उलाळ

गाडीत मागं माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. विमानाचंही तेच. वजन मागं गेलं की नाक वर जातं, वेग कमी होतो, पंखावरची हवा सुटते आणि विमान पडतं. नाक जड झालं तर निदान उडायच्या आधी कळतं. शेपूट जड असलेलं विमान उडतं, आणि मग दगा देतं.

तोल काढायला तीन वजनकाटे लागतात. पायलटला बसवून विमान सरळ लेव्हलला धरायचं. समजा पुढच्या दोन चाकांखाली मिळून २६० किलो आणि शेपटीच्या चाकाखाली २० किलो, जे पुढच्या चाकांपासून ३.५ मीटर मागं आहे. २० गुणिले ३.५ म्हणजे ७०. त्याला एकूण २८० नं भागलं की ०.२५. म्हणजे तोल पुढच्या चाकांच्या २५ सेंटीमीटर मागं. चाकं पंखाच्या पुढच्या कडेपासून १० सेंटीमीटर मागं असली, तर तोल कडेपासून ३५ सेंटीमीटरवर. पंखाची रुंदी १.४ मीटर असेल तर हे बरोबर २५ टक्क्यांवर येतं. अशा विमानात हा तोल साधारण चालतो, पण नेमकी मर्यादा प्लॅनमध्ये असते. आठवीतलं गणित आहे हे, फक्त चुकलं तर गुण नाही जात.

बुलेटचं इंजिन आणि मे महिना

साडेतीनशेच्या बुलेटची ताकद साधारण २० हॉर्सपॉवर, आणि इंजिन चांगलंच जड. बाईकवर आपण पूर्ण ॲक्सिलरेटर काही सेकंदच देतो. विमानात टेकऑफला पूर्ण आणि नंतर तासभर पाऊण ताकद सलग लागते.

त्यात पंख्याचं गणित. दीड मीटरचा पंखा मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ३९० मीटरच्या पुढं जातो. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. टोक तिथं पोचलं की ओढ कमी होते, नुसता आवाज वाढतो. ३,००० फेऱ्यांना तेच टोक २३६ मीटरवर राहतं. म्हणून एकतर कमी फेऱ्यांना ताकद देणारं इंजिन हवं, नाहीतर मध्ये फेऱ्या कमी करणारी गिअर किंवा बेल्टची जोडणी हवी.

आता आपलं रान. दौंड समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या थोडं वर. मे महिन्यात ४० डिग्रीला हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण सुमारे १,५०० मीटरवर आहोत असं वाटतं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर! म्हणजे ऊस तुटल्यावरच्या रखरखीत दुपारी विमानाला जास्त लांब धावावं लागतं, इंजिनची ताकद कमी मिळते आणि समोर बांध, विजेच्या तारा असतातच.

ज्यांनी घाई केली, ज्यांनी वाट बघितली

फ्रान्समध्ये हेन्री मिन्ये यांनी १९३३ मध्ये एक छोटं लाकडी विमान उडवलं. इंग्रजीत त्याला 'फ्लाइंग फ्ली' म्हणतात, म्हणजे उडती पिसू. पुस्तक वाचून शेकडो लोकांनी बनवायला घेतलं. मग माणसं मरायला लागली. शेवटी ब्रिटन आणि फ्रान्समध्ये वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं, तेव्हा कळलं की नाक जास्त खाली गेलं तर पुढच्या आणि मागच्या पंखाची हवा एकमेकांत अडकते आणि विमान वर घेताच येत नाही. बनवणाऱ्यांची सुतारकी चांगली होती. दोष डिझाइनमध्ये होता, आणि तो शेडमध्ये बसून कुणालाच दिसला नसता.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ऑगस्ट २०२१ मध्ये एका तरुण वेल्डरचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना जीव गेला. ते हवेतसुद्धा नव्हतं, जमिनीवर होतं. डोकं होतं, हात होते. फिरत्या पंख्यापासून लांब उभं करून "थांब, आधी हे तपासू" म्हणणारा जाणकार माणूस शेजारी नव्हता, असं मला वाटतं.

आणि कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं. ते धातूचं, लाकडाचं नाही, पण धडा तोच. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'त ते सगळ्यांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ ला, उडवून बघायची परवानगी २०१९ ला, आणि चाचणीचं उड्डाण झालं २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर. ते स्वतः एअरलाइनचे पायलट होते, तरी गच्चीवरून थेट उडाले नाहीत.

आपल्याकडं विमान उडवायला डीजीसीएची नोंदणी आणि परवानगी लागते, आणि उडवणाऱ्याकडं लायसन्स. आता १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आलाय. शेत स्वतःचं असलं तरी वरची हवा स्वतःची नसते. त्यात पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं. कागदपत्रांची कटकट आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्या कटकटीत निदान एक परका माणूस येऊन तुमचा सांधा बघतो. आम्ही दोन ओळींचा कोडसुद्धा दुसऱ्यानं बघितल्याशिवाय पुढं सोडत नाही.

मग पोराला काय सांगितलं?

म्हटलं, "विमान राहू दे, आधी एक रिब बनव. दोन गोंदांचे तुकडे चिकटव, एक पांढऱ्याचा, एक इपॉक्सीचा. दोन दिवस उन्हात गाडीच्या डिकीत ठेव आणि मग मामासमोर फोड. आणि पुण्याला आलास की हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाऊन ये. इंजिन नसलेलं विमान कसं उडतं ते बघितलं की पंख कळतो."

पंधरा दिवसांनी फोटो आला. इपॉक्सीच्या तुकड्यात लाकूड फाटलेलं. पांढऱ्या गोंदाचा सांधा सरळ सुटलेला, आत चकचकीत. खाली मेसेज होता, "दादा, मामा दहा मिनिटं तो तुकडा हातात घेऊन बसला होता. काहीच बोलला नाही. मग म्हणाला, दुसरी रिब करू."

बुलेटचं इंजिन अजून कोपऱ्यातच आहे, असं कळलंय. तिथंच बरं आहे ते सध्या.

तुमच्या गावात कुणी असं काही बनवत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि त्याला आधी विचारा, गोंद कुठला वापरतोस. भेटू पुढच्या भागात!